उताऱ्यात नसलेलं उत्तर

शेजारच्या दहावीतल्या मुलीला इंग्रजीच्या अनसीन पॅसेजमध्ये, म्हणजे पुस्तकात नसलेल्या उताऱ्यावरच्या प्रश्नांत, दहापैकी नऊ गुण पडले. सराव कृतिपत्रिका होती, क्लासमधून तपासून मिळालेली. ती घेऊन ती थेट माझ्याकडे आली, चपला दारात काढायच्या आधीच कागद पुढे धरला. उतारा हिमनदीवरून चालणाऱ्या चार गिर्यारोहकांचा होता. सगळ्यात पुढे कोण चाललं होतं, त्यांनी कमरेला काय बांधलं होतं, दुपारी ते कुठे थांबले, सगळं बरोबर. चूक की बरोबर ते ओळखा, तेही बरोबर. वेब पूर्ण करा, चारही चौकटी भरलेल्या. अक्षर तर असं की बघत राहावं. मी म्हटलं, ‘छान गं. आता सांग मला, काय झालं यात?’ ती माझ्याकडे बघत राहिली. मी परत विचारलं, ‘म्हणजे हे चौघं कुठे निघालेत, काय करतायत?’ तिने कागद परत हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली आणि अगदी सरळपणे म्हणाली, ‘ते नाही माहीत, मावशी. पण उत्तरं बरोबर आहेत ना?’

उत्तरं बरोबर होती. मी तिला चहा दिला, शाबासकी दिली, ती गेली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रात्री भांडी घासताना, दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवर पासबुकं छापताना मी त्याचाच विचार करत होते. त्या चार माणसांनी दोर एकमेकांना का बांधला असेल, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. आणि कृतिपत्रिकेनेही तो विचारला नव्हता.

मग मी तिला बसवून तिची रीत नीट समजून घेतली. आधी उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न. प्रश्नातला ठळक शब्द पेन्सिलने गोल करायचा. तो शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की अलीकडच्या पूर्णविरामापासून पलीकडच्या पूर्णविरामापर्यंतचं वाक्य उतरवायचं. प्रश्नात ‘हू’ असेल तर क्रियापदाच्या मागचा शब्द, ‘व्हेअर’ असेल तर ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’ यांच्या पुढचा, ‘व्हाय’ असेल तर ‘बिकॉज’ शोधायचं. ‘बिकॉज’ नसेलच तर ‘सो’ किंवा ‘टू’. हे सगळं ती इतक्या सफाईने करते की घड्याळ लावून बघितलं तर माझ्यासारखीला मागे टाकेल. मी तिला गंमत म्हणून मराठीत एक वाक्य लिहून दिलं: ‘चिबळ्या बिडकाने काल सकाळी टिळपीवर तीन लुंबके झिरंगळले.’ खाली प्रश्न घातले. लुंबके कोणी झिरंगळले? कुठे? कधी? किती? तिने चारही उत्तरं लिहिली आणि चारही बरोबर आली. मग ती हसायला लागली, ‘मावशी, पण हे काय आहे?’ मराठीत तिला लगेच कळलं की यात काहीच नाही. इंग्रजीत तसं वाटतच नाही, कारण इंग्रजी तसंच असतं अशी तिची समजूत आहे. तिथे शब्द असतात, अर्थ दुसऱ्या कुणाकडे असतो.

याचा राग कुणावर काढायचा? क्लासच्या सरांवर तर मुळीच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊणशे पोरं बसतात. त्यातल्या निम्म्यांना पस्तीसचा आकडा गाठायचा आहे, कारण तो गाठला नाही तर आयटीआयचे बहुतेक ट्रेड नाहीत, नर्सिंग नाही, भरतीचा फॉर्म नाही. दहावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, त्यातले १५ या न शिकवलेल्या उताऱ्यावर: ए वन ते ए फाइव्ह या पाच कृतींचे प्रत्येकी २ म्हणजे १०, आणि सारांशाचे ५. सर म्हणतात, यातले आठ तरी खिशात घाला, बाकीचं बघू. ज्या पोराला वाक्य नीट वाचता येत नाही त्याला शेवटच्या तीन महिन्यांत अर्थ कळायला लावणं कुणाला जमेल? शब्द शोधायला लावणं जमतं. त्या रीतीवर कितीतरी मुलं तरलीत, आणि ती तरली याचा मला खरंच आनंद आहे. आमच्या बँकेत शिपाई म्हणून लागलेला मुलगा अशाच रीतीवर पास झालेला आहे आणि आज त्याच्या घराला त्याचा आधार आहे. पण म्हणून मन शांत होत नाही. कारण ही मुलगी बुद्धीने तल्लख आहे. तिला पस्तीसची काळजी नाही. तिच्या हातात नऊ गुण होते आणि उतारा मात्र तिच्यापासून लांबच राहिला होता.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून ते पहिलीपासून झालं, म्हणजे दहावीपर्यंत ही पोरगी माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त इंग्रजी शिकलेली आहे. आमच्या बाई धडा वाचायच्या आणि वाक्यावाक्याला मराठी अर्थ सांगायच्या. आम्ही पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर बारीक पेन्सिलने मराठी शब्द लिहायचो. पान असं भरून जायचं की इंग्रजी शब्द शोधावा लागे. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तच होती, कारण आम्हाला बोलता कधीच आलं नाही. पण धडा कशाचा आहे हे मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही माहीत असायचं. एक म्हातारा होता, त्याचं जहाज बुडालं, तो बेटावर गेला. गोष्ट हातात असायची. आता भाषांतर करून शिकवायचं नाही असं म्हणतात, म्हणून वर्गात मराठी येत नाही. आणि इंग्रजी पोचत नाही. मधल्या जागेत ही मुलं उभी आहेत.

याहून जुनी आठवण आजीची. श्रावणात आमच्या वाड्यात पोथी लागायची. एक जण ओव्या म्हणायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. आजीला अक्षर ओळख नव्हती. पण ऐकायला बसली की ती मध्येच हात वर करायची. ‘थांबा हो. मघाशी तर म्हणालात त्याच्याकडं रथ न्हवता. मग आता आला कुठनं?’ अर्थ सांगणारे पाटीलबुवा चष्मा कपाळावर सरकवून दोन ओव्या मागे जायचे. कधी उत्तर सापडायचं, कधी नाही. सापडलं नाही तर बायकांमध्येच चर्चा व्हायची, रथ कुणी दिला असेल, सासऱ्याने दिला असेल, वाटेत मिळाला असेल. कुणी कुणाला गुण देत नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, आजी पोथीत व्यत्यय आणते. आता वाटतं, त्या सगळ्या मंडळीत आजीइतकं नीट कुणी वाचत नव्हतं.

तर अशा विचारात आम्ही संध्याकाळी रोज एक उतारा घ्यायचं ठरवलं. मी शिक्षिका नाही. मला फक्त वाचायची सवय आहे. पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या वाचण्याच्या वेगाबद्दल. ती शब्दाखाली बोट ठेवून वाचते. ओठ हलतात. ‘थ्रू’ला अडते, ‘थॉट’ला अडते, ‘इनफ’ला पुन्हा अडते, तिन्हींत ‘ओ-यू-जी-एच’ तेच आणि त्याचा उच्चार तिन्हींत वेगळा, यात तिचा काय दोष? वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. सगळी ताकद अक्षरांवरच खर्च झाली तर अर्थासाठी उरणार काय? मग आम्ही उतारा तुकड्यांत वाचायला लागलो. पेन्सिलने आडव्या रेघा मारायच्या, एका दमात जेवढे शब्द एकत्र राहतात तेवढे एका रेघेत. दोनदा मोठ्याने, मग एकदा मनात. या एका गोष्टीने जो फरक पडला तो शब्दार्थांच्या यादीने कधी पडला नसता.

दुसरी अडचण वाक्याच्या घडणीची. ‘द मॅन हू सोल्ड द शीप बॉट अ हॉर्स.’ मी विचारलं, घोडा कुणी घेतला? तिने तिच्या रीतीप्रमाणे क्रियापदाच्या मागचा शब्द पाहिला आणि लिहिलं, ‘द शीप बॉट अ हॉर्स.’ लिहून झाल्यावर तिचं तिलाच ते विचित्र वाटलं. मेंढीने घोडा कसा घेतला? आपल्याकडे ‘ज्या माणसाने मेंढी विकली त्याने घोडा घेतला’ असं ‘ज्या’ आणि ‘त्या’ने बांधून घेतलेलं असतं, आणि क्रियापद शेवटी येऊन दार लावतं. इंग्रजीत ते ‘हू’ मध्येच येतं आणि माणसाला त्याच्या कामापासून तोडून टाकतं. अशी वाक्यं आम्ही वहीभर लिहिली. आधी कोण, मग त्याने काय केलं, आणि मधलं सगळं कंसात. ती आता मोठं वाक्य दिसलं की पहिल्यांदा कंस टाकते. क्लासच्या रीतीवर तिचा जो आंधळा विश्वास होता त्याला त्या मेंढीने पहिला तडा दिला.

आणि मग पुढचा उताराही मेंढ्यांचाच आला, निव्वळ योगायोगाने.

जुन्या सरावसंचातलं ते पान होतं. थंड डोंगराळ मुलखातला एक मेंढपाळ. त्याच्या एका मेंढीचं कोकरू जन्मतःच मरतं. त्याच रात्री दुसरी मेंढी पिल्लाला जन्म देऊन मरते. मेंढपाळ मेलेल्या कोकराचं कातडं सोलतो, ते त्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतो आणि त्याला त्या पहिल्या मेंढीपाशी सोडतो. ‘बाय ईव्हनिंग द यू लेट इट ड्रिंक.’ संपला उतारा. ‘यू’ म्हणजे मेंढी हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. ‘ऑर्फन’ नव्हता माहीत. ‘हाइड’ म्हणजे लपणे एवढंच माहीत होतं. हिमनदीच्या उताऱ्यापेक्षा हा शब्दांनी कितीतरी अवघड. आणि प्रश्न होता, मेंढपाळाने कातडं का बांधलं? उताऱ्यात ‘बिकॉज’ नाही, ‘सो’ नाही. उत्तर उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही.

तिने बोट खाली ठेवून एकदा वाचलं. ‘स्किन’ आणि ‘लॅम्ब’ आणि ‘डेड’ एवढ्यावर ती थांबली, आणि मान वर करून म्हणाली, ‘वासासाठी. मेंढी दुसरीचं पिल्लू अंगाला लागू देत नाही, मावशी. ढुशी मारते. ती वासावरनं ओळखते. त्याला मेलेल्याचा वास लावला म्हणजे तिला वाटणार आपलंच आहे.’ एवढं सांगून ती थांबली नाही. तिच्या बापाकडे कातडं नाही बांधत. ते मेंढी धरून पाजतात आणि तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीला, शेपटीखाली चोळतात. पहिले दोन दिवस कुणीतरी जवळ बसावं लागतं. मग तिने परत उतारा ओढून घेतला आणि न सांगता सगळा वाचला. आता तिला ‘यू’ कळला, ‘ऑर्फन’ कळला, ‘हाइड’ तर कळलाच. शब्दांचे अर्थ मी सांगितले नाहीत. गोष्ट कळली आणि गोष्टीने तिला शब्द दिले.

तिचे आईवडील मेंढपाळ. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ही कुटुंबं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाटाखाली उतरतात, कोकणात शेतांमधून मेंढरं बसवत फिरतात आणि मिरगाच्या आत परत वर येतात. मुलगी शाळेसाठी इथे चुलत्याकडे राहते. पण कोरोनात ती चौथी-पाचवीत होती, शाळा बंद, आणि ऑनलाइन वर्गासाठी घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. त्या काळात ती मेंढपाळांच्या वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळाबरोबर, फिरली. आम्ही त्या वर्षांबद्दल बोलताना नेहमी ‘मुलांचं नुकसान झालं’ असं म्हणतो, आणि ते झालंच. वाक्य वाचायला शिकायच्या नेमक्या वयात तिच्या हातात पुस्तक नव्हतं, आज शब्दाखाली बोट ठेवावं लागतं ते त्याच्यामुळे. पण कोकराला दूध चोळायला ती त्याच वर्षांत शिकली. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच मुलीत आहे. तिच्या प्रगतिपुस्तकात त्यातलं एकच दिसतं.

हे एवढं ठसठशीत बघितल्यावर मी याबद्दल मिळेल ते वाचायला लागले. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाबद्दलचा मजकूर वाचायला दिला आणि मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून तो डाव दाखवायला सांगितला. मुलांचे चार गट होते: वाचनात चांगली आणि कच्ची, बेसबॉल माहीत असलेली आणि नसलेली. वाचनात कच्च्या पण खेळ माहीत असलेल्या मुलांनी, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी चांगला सांगितला. वाचून मला त्या मुलांचा हेवा वाटला. कुणीतरी त्यांना त्यांच्या खेळाबद्दल विचारलं तरी. आपल्या कृतिपत्रिकेत पेंग्विन येतात, दीपगृह येतं, हिमनदी येते. ऊसतोडीच्या कोपीत पहाटे तीनला पेटणारी चूल कधी का येऊ नये? चारा छावणी का येऊ नये? इंग्रजीतच विचारा, पण मुलाला एकदा तरी वाटू दे की या उताऱ्यात लिहिणाऱ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

तरी सगळेच उतारे मेंढरांचे असावेत असं मला वाटत नाही. अजिबात नाही. हिमनदी तिला भेटलीच पाहिजे; जे कधी बघायला मिळणार नाही ते वाचायला मिळावं म्हणून तर वाचायचं. म्हणून आम्ही त्या नऊ गुणांच्या उताऱ्याकडे परत गेलो. मी तिला विचारलं, माणगंगेच्या कडेच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या बघितल्यास ना? पाय जाईल एवढ्या? त्यावर कुणी पाचट पसरलं तर? ‘कळणारच नाही भेग कुठंय. पाय मोडंल.’ मग बर्फाच्या नदीला तशा भेगा असतात, माणूस उभा आत जाईल एवढ्या, आणि वर ताजा बर्फ पडलेला असतो. तिने उताऱ्यातल्या चौघांकडे परत पाहिलं. ‘म्हणून दोर! एक आत गेला तर तिघं ओढतील!’ आणि लगेच दुसरा प्रश्न: ‘पण मग तिघंबी आत ओढले गेले तर?’ मला उत्तर माहीत नव्हतं. आम्ही शोधलं. दोर ताणून धरतात, मध्ये अंतर ठेवतात, एक जण पडला की बाकीचे तिथल्या तिथे खाली पडून कुऱ्हाड बर्फात रुतवतात. ती कुऱ्हाड उताऱ्यात पहिल्या ओळीपासून होती, प्रत्येकाच्या हातात. तिने त्या शब्दावर पेन्सिलने गोल केला. कुठल्याही प्रश्नात तो शब्द नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही उलटं करतो. उतारा वाचायचा, मराठीत मला गोष्ट सांगायची, आणि मग प्रश्न तिने काढायचे. पहिले काही दिवस तिचे प्रश्न कृतिपत्रिकेसारखेच यायचे, कोण, कुठे, किती. हळूहळू ‘का’ यायला लागले, आणि मग ‘असं नसतं केलं तर’. नंतर कळलं की हेही कुणीतरी नीट तपासून बघितलेलं आहे. १९८४मध्ये अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी सातवीतली अशी मुलं घेतली ज्यांना वाचता यायचं पण अर्थ लागत नव्हता, आणि त्यांना पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला, प्रश्न काढायला, अडलेलं सोडवायला आणि थोडक्यात सांगायला शिकवलं. आधी शिक्षक करून दाखवायचा, मग मुलं आळीपाळीने शिक्षक व्हायची. त्या मुलांची समज चांगलीच सुधारली. पाटीलबुवांच्या पोथीत दुसरं काय होतं? आजीने हात वर केला की तेवढ्यापुरती ती सगळ्यांची शिक्षक व्हायची.

आपल्याकडचाही एक आकडा सापडला. ‘असर’ या शिक्षणाच्या अहवालासाठी २०२३मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि त्यातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेल्या मुलांनी वाक्य मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगता आला नाही. वाचता येणाऱ्या दर चौघांत साधारण एक. ही अगदी चार-पाच शब्दांची वाक्यं. दहावीचा उतारा त्याच्या कितीतरी पुढचा. मी ती ओळ तिला दाखवली नाही. दाखवून काय करायचं होतं?

मेंढपाळाच्या उताऱ्याची ए फाइव्ह कृती होती पर्सनल रिस्पॉन्स. तुम्ही कधी एखाद्या प्राण्याला मदत केली आहे का? क्लासमध्ये यासाठी एक तयार उत्तर पाठ करून घेतलेलं आहे, रस्त्यावर जखमी कुत्रा दिसतो, त्याला पट्टी बांधतो, आई शाबासकी देते. सगळी बॅच तेच लिहिते. तिने त्या दिवशी ते लिहिलं नाही. तिने लिहिलं, ‘मदर शीप नोज स्मेल. शी डझ नॉट सी फेस. माय फादर पुट मिल्क ऑन बॅक ऑफ बेबी. आय सिट ऑल नाइट. इन मॉर्निंग शी लिक.’ मी लाल पेन हातात घेतला होता. सिट नव्हे सॅट, लिक नव्हे लिक्ड. परीक्षेत याला दोनातला एकही गुण मिळेल की नाही, आणि पट्टी बांधलेल्या कुत्र्याला पुरते दोन मिळतील. मी बराच वेळ काहीच केलं नाही. शेवटी क्रियापदं तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतली, एकेक करून, आणि वाक्यं जशीच्या तशी ठेवली. क्लासच्या सरांना तिने ते दाखवलं. सरांनी वाचलं, दोन गुण दिले, आणि शेजारी लिहिलं, ‘पेपरात असंच लिही, पण स्पेलिंग सांभाळ.’ त्या एका ओळीसाठी मी त्या सरांची कायमची ऋणी आहे.

रविवारी तिच्या वडिलांचा फोन येतो. ते सध्या कोकणात माणगावच्या बाजूला आहेत, रेंज टेकडावर चढल्यावर मिळते. तिने त्यांना उतारा सांगितला, सगळा, मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द टाकून. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कातडं किती दिवस ठिवलं त्यानं? कुजंल की. माश्या बसतील.’ उताऱ्यात ते नव्हतं. तिने परत एकदा ओळ न् ओळ पाहिली. मग आम्ही शोधलं, दोन-तीन दिवसांत काढतात. तोवर मेंढीचं दूध कोकराच्या पोटात जाऊन त्याला तिचा वास येऊ लागलेला असतो. वडिलांना ते पटलं. ‘हां. मग दूध चोळल्यालंच बरं,’ ते म्हणाले. चौथी शिकलेल्या त्या माणसाने इंग्रजी उताऱ्याला विचारलेला तो प्रश्न कुठल्याही सरावसंचात मला सापडलेला नाही.

आता परीक्षा तोंडावर आली आहे. क्लासची रीत तिने सोडलेली नाही आणि मी सोडायला सांगितलेलीही नाही. तीन तासांच्या पेपरात ती उपयोगी पडते. फक्त आता ती आधी उतारा वाचते, मग प्रश्न. सध्या आमचं भांडण सारांशावरून चालू आहे. पाच गुणांचा सारांश, मूळच्या एक-तृतीयांश लांबीचा करायचा, म्हणजे दोन-तृतीयांश टाकून द्यायचं. पूर्वी ती पहिली ओळ, मधली ओळ, शेवटची ओळ उचलून झटक्यात मोकळी व्हायची. आता तिला काही टाकवत नाही. हेही लागतंय, मावशी, हे नसलं तर दोर कशाला बांधला ते कळणार नाही. मी म्हणते, बर्फाचा रंग टाक. ती म्हणते, रंग टाकला तर भेग दिसली नाही हे कसं सांगू? काल साठ शब्दांचा सारांश एकशे दहावर गेला. आज परत बसायचंय.